ट्रसडेलांच्या झऱ्यावरच्या दोन कबरी

माझा भाऊ हर्शेल ओर्लीनाशी लग्न करून तिला आमच्या घरी घेऊन आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात तिने मला परसदारी गवतावर आडवं पाडून मेल्याचं सोंग कसं घ्यायचं ते शिकवलं.

"डोळे मिटायचे नाहीत, मेव्हिस," ती म्हणाली. "मिटले की पापण्या फडफडतात आणि लोकांना कळतं. उघडे ठेवायचे. झाडाचं एक पान धरायचं आणि त्याच्याकडेच बघत राहायचं."

ती त्यातली पट्टीची होती. सहा वर्षांची असल्यापासून अंगाने भरेपर्यंत दर ऑगस्टमध्ये घराण्याच्या नाटकात तिने थॅमर ट्रसडेलचं काम केलं होतं. ट्रसडेल हे तिचं माहेर. केंटकीच्या आमच्या डोंगरांत दगड मारला तर तो एखाद्या ट्रसडेललाच लागावा, इतका त्यांचा विस्तार. सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, मिकाजा ट्रसडेल. तो व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून इथे आला तेव्हा इथे रान होतं, अस्वलं होती, आणि नदीपलीकडून शिकारीला येणारे शॉनी जमातीचे इंडियन होते.

गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. १७९१ च्या उन्हाळ्यात मिकाजा खारं पाणी आटवून मीठ आणायला गेला होता. मागे शॉनी आले. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या त्याच्या बायकोला, केझायाला, आणि सहा वर्षांच्या थॅमरला त्यांनी कुऱ्हाडीने मारलं. मिकाजा परतला, त्याने दोघींना झऱ्याजवळच पुरलं. मग वस्तीतले पुरुष बंदुका घेऊन निघाले, शॉनींचा एक तळ त्यांना सापडला, आणि तिथे त्यांनी कोणाला जिवंत ठेवलं नाही. पुढे मिकाजाने डॉर्कस नावाच्या बाईशी लग्न केलं. तिला अकरा मुलं झाली, आणि आजचे सगळे ट्रसडेल त्या अकरांचे.

दर ऑगस्टमध्ये ही मंडळी झऱ्यापाशी जमायची. बीच जातीच्या झाडांखाली लांबलचक टेबलं, कोंबडीच्या रश्शातले कणकेचे गोळे, मक्याची भाकर, सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक. जेवणं झाली की नाटक. पोरं डोक्याला टर्कीची पिसं खोचून आरडत यायची, केझाया आणि थॅमर पडायच्या, आणि मिकाजा हरणाच्या कातड्याचा अंगरखा घालून त्यांच्यावर ओणवा होऊन रडायचा. ओर्लीना पडली की बायका खरंच रुमाल शोधायच्या.

लग्नानंतर तिने शाळेची बस चालवायला घेतली. ओढ्याच्या पात्रातूनच जाणारे रस्ते, वर बर्फ, मागे चाळीस पोरं. एकदा बस घसरून खड्ड्यात कलली तेव्हा तिने सगळ्यांना एका दोराला धरून रांगेने घरोघर पोहोचवलं आणि शेवटच्या घरी मुलाच्या आईला म्हणाली, "कॉफी असेल तर टाक, माझे पाय मला सापडत नाहीयेत." कोणाचं पोर कोणाचा नातू, कोणाच्या आजीचं माहेर कुठलं, हे तिला बसच्या थांब्यांसारखं पाठ. पुढे कंबर गेली आणि बस सुटली. तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. झरा मध्येच येत होता. सरकारी माणसं दोन्ही कबरी उकरून वर टेकडीवरच्या दफनभूमीत हलवणार होती. जुना दगड तडकलेला, म्हणून तिथे नवा बसवायचा. तो बेत ओर्लीनाच्या चुलतभावाने हाती घेतला. त्याचं नाव डॉयल. तो विमे विकायचा, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा आणि गेली वीस वर्षं नाटकात मिकाजाचं काम करायचा.

"ओर्लीना," तो आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, "बस सुटली, कंबर गेली. दिवसभर घरात बसून हर्शेलचं डोकं खाण्यापेक्षा जरा घराण्याचं काम कर. दगडावर तारखा बिनचूक घालायच्यात. जन्म, लग्न, मृत्यू. सगळं शोधून दे."

"आणि तू काय करणार?"

"मी रडायची तालीम करतो."

तिने काम घेतलं. आणि जे काम चार दिवसांचं समजून घेतलं, त्यात पहिल्याच पावलाला ठेच लागली.

डॉयलच्या घरी घराण्याचं जुनं बायबल होतं. त्याच्या पहिल्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेले. केझाया आणि थॅमर, १७९१, इंडियनांच्या हातून. त्याच साली पानगळीत मिकाजाचं डॉर्कसशी लग्न. पुढच्या साली, १७९२ ला, पहिला मुलगा लेम्युएल. ओर्लीना थेट या लेम्युएलच्या वंशातली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्या ९२ मधला दोन इतरांपेक्षा काळा होता, आणि त्याच्याखाली काहीतरी खरवडल्यासारखं दिसत होतं.

लेम्युएलच्या कबरीवर मात्र लिहिलेलं होतं, मृत्यू १८५१, वय एकसष्ट. ओर्लीनाने बोटांवर हिशेब केला, मग माझ्याकडून करून घेतला. त्याचा जन्म १७९० चा निघत होता.

"कबरीवर चूक असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली, पण तिची मान काही हलली नाही.

तिसरा पुरावा आमच्याच चर्चच्या कपाटात होता. त्या काळी घोड्यावरून वस्तीवस्तीला फिरणाऱ्या एका पाद्र्याने बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यात तिला सापडलं: लेम्युएल, आई डॉर्कस, बाप मिकाजा ट्रसडेल, १७९० चा वसंत. तिने मला तिथूनच फोन केला.

"मेव्हिस, केझाया जिवंत होती."

"कधी?"

"डॉर्कसला पोरगा झाला तेव्हा. एक वर्षाहून जास्त जिवंत होती. तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसरीच्या मांडीवर हा."

 डॉयलला सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. "जुन्या लोकांना आकडे कुठे येत होते गं? निम्म्यांना बोटं मोजता येत नव्हती, आणि उरलेल्यांची लाकडं फोडताना तुटलेली. बायबलात जे आहे ते दगडावर घाल आणि मोकळी हो."

"बायबलात खाडाखोड आहे, डॉयल."

"मग काय झालं? म्हाताऱ्याचं पाऊल घसरलं असेल. कोणाचं घसरत नाही? त्याने नंतर लग्न केलं ना तिच्याशी?"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तेवढंच वाटलं. बाहेरख्याली माणूस निघाला, चला. पण ओर्लीनाला केझायाची जन्मतारीख अजून मिळाली नव्हती आणि ती मिळाल्याशिवाय ती थांबणार नव्हती. आमची कोर्टकचेरी यादवी युद्धात जळाली होती. पण जे खटले वरच्या कोर्टात गेले त्यांचे कागद राज्याच्या राजधानीत शिल्लक आहेत असं तिला कळलं. केझायाच्या बापाने लेकीच्या नावावर जमीन ठेवली होती, तिच्यावरून पुढे कधीतरी काही वाद झाला होता. ओर्लीना म्हणाली, चल. मी गाडी चालवली, कारण तिची कंबर.

जुन्या कागदांच्या त्या कचेरीत एका बाईने आमच्यासमोर फीत बांधलेली गुंडाळी ठेवली. ओर्लीनाने चष्मा पुसला आणि वाचायला लागली. वाचताना ती ओठ हलवायची. मध्येच तिचे ओठ थांबले.

"काय झालं?"

तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि एका नावाखाली बोट ठेवलं. खटल्याचं साल १८०९ होतं. दावा लावणारीचं नाव थॅमर.

मी म्हटलं, "दुसरी कोणी असेल."

"वाच."

मी वाचलं. बाई अडखळत इंग्रजी बोलत होती असं लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच म्हटलं होतं, आणि तिचं बोलणं त्याने जसंच्या तसं छोट्या छोट्या वाक्यांत उतरवलं होतं. मी मिकाजा ट्रसडेलची लेक. आईच्या बापाची जमीन माझी आहे. त्या दिवशी बाप घरीच होता. आई आणि तो झऱ्यावर भांडत होते, खालच्या बाईवरून. त्याने आईला कुऱ्हाडीने मारलं. इंडियन कोणी आले नव्हते. मी बघितलं, आणि मी बघितलं ते त्याने बघितलं. त्याने मला पाठीवर घेतलं आणि नदीपर्यंत चालला. तिथे होडीतल्या मीठवाल्यांना दिलं. त्यांनी मला पलीकडे नेलं आणि ठेवून घेईना कोणी, तेव्हा एका शॉनी बाईने घेतलं. तिने मला वाढवलं.

खाली मिकाजाचं शपथेवरचं उत्तर होतं. माझी लेक मेली. तिला मी स्वतःच्या हातांनी पेटीत ठेवलं आणि शेजाऱ्यांनी पेटी उचलून नेली, त्यांतले दोघे इथे कोर्टात उभे आहेत. ही बाई इंडियनांनी जमीन लाटायला पाठवलेली तोतयी आहे. ते दोघेही शपथेवर म्हणाले, होय, आम्ही पेटी उचलली. खालच्या कोर्टाने आणि वरच्या कोर्टाने दावा फेटाळला होता.

ओर्लीना ताडकन उठली. खुर्चीचा इतका आवाज झाला की कचेरीतली सगळी डोकी वर झाली.

"लबाड बाई!" ती म्हणाली. "चोरटी! मेलेल्या पोरीचं नाव घेऊन आली!"

"ओर्लीना, हळू."

"मी तिचं काम केलंय, मेव्हिस. दहा वर्षं त्या झऱ्यावर पडले. आणि ही म्हणते ती मेलीच नाही?"

परतताना मी वाटेत थांबून दोघींना सँडविच घेतलं, तिचं तसंच मांडीवर राहिलं. घरी आल्यावर तिने हर्शेलला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तोतयीच होती." हर्शेल रस्त्याच्या खात्यात खडीचा ट्रक चालवायचा, फार बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "मग तुझा चेहरा असा का झालाय?"

जूनमध्ये कबरी उकरल्या. घराण्यातर्फे डॉयल आणि ओर्लीना हजर, आणि तिच्यासोबत मी. कबरी हलवण्याचं कंत्राट पेल्फ्री नावाच्या माणसाकडे होतं. तो आधीच म्हणाला, "फार काही अपेक्षा ठेवू नका. इथली माती हाडं खाते. दात मिळाले तरी पुष्कळ."

मोठ्या कबरीत तसंच झालं. पिवळ्या चिकणमातीत माणसाच्या लांबीचा काळपट डाग, खिळे, शिंगाची अर्धी फणी, हाडाची बटणं आणि दात. ओर्लीना कडेला गुडघे टेकून बसली. फणी बघून तिने तोंडावर हात ठेवला. डॉयलने टोपी काढली आणि प्रार्थना म्हटली, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता.

मग लहान कबर. पुन्हा खिळे, अगदी ओळीत, पेटीच्या कडेने. लाकडाची काळी रेघ. पेल्फ्रीने फावडं ठेवलं आणि लहान खुरपं घेतलं. खुरपं दगडावर घासलं. त्याने तो दगड मोकळा केला. मग दुसरा. ओढ्यातले, गुळगुळीत, भाकरीएवढाले दगड. रेघेच्या आत एकाला एक लागून बसवलेले, डोक्याच्या बाजूपासून पायाच्या बाजूपर्यंत. आजूबाजूच्या चिकणमातीत चिंचोक्याएवढा खडा नव्हता. दात नाही, बटण नाही, डाग नाही.

पेल्फ्री टाचांवर मागे बसला.  मग म्हणाला, "यात कोणाला ठेवलेलंच नव्हतं, बाई."

"पुराचं पाणी," डॉयल म्हणाला. "ओढा चढत असेल. वाहून आले असतील."

 त्याचं त्यालाच ते पटलं नाही. "बरं, मग इंडियनांनी पोरीला पळवलं असेल," तो म्हणाला. "प्रेत मिळालं नाही. बापाचं मन. काहीतरी पुरायला हवं म्हणून पुरलं त्याने. त्यात काय एवढं? उलट मला तर त्याची आणखीच कीव येते."

ओर्लीना उठायला गेली आणि कंबरेमुळे तिला उठता येईना. मी हात दिला. 

"ज्याची पोर पळवून नेतात," ती म्हणाली, "तो माणसं गोळा करतो आणि मागे धावतो. गावोगाव विचारत फिरतो, जन्मभर. तो पेटीत वजन भरत बसत नाही, डॉयल."

"वजन?"

"शेजाऱ्यांनी उचलली ना पेटी. रिकामी असती तर हलकी लागली असती."

 डॉयलला राजधानीतल्या कागदांबद्दल तोवर माहीतच नव्हतं. ओर्लीनाने तिथेच, त्या खड्ड्याच्या कडेला, त्याला सांगितलं. तिला ती वाक्यं पाठ झाली होती. सांगताना मध्येच ती थांबली आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मेव्हिस, तो तळ," ती म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. सूड घ्यायला गेलेल्या तुकडीच्या कप्तानाचं निवेदन कोर्टाच्या भिंतीवर पितळी पाटीवर कोरलेलं होतं, आम्ही शाळेत असताना ते पाठ करायचो. वाट दाखवायला मिकाजा पुढे. शॉनींच्या तळावर एक म्हातारा, तीन बायका आणि काही पोरं. एकही वाचला नाही. ते अभिमानाने लिहिलेलं होतं आणि आम्ही अभिमानाने म्हणायचो.

"त्यांनी काहीच केलं नव्हतं," ओर्लीना म्हणाली. "मिकाजा त्या तुकडीच्या पुढे चालला होता. वाट तो दाखवत होता. आणि त्याला माहीत होतं."

डॉयल गाडीत बसून निघून गेला. पेल्फ्रीने विचारलं, दगडांचं काय करू. ओर्लीना म्हणाली, "जसे होते तसे पेटीत भर. वर नेऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी ती लुथेनिया आत्याकडे निघाली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली, पण कान आणि जीभ शाबूत. ओर्लीनाला वाटत होतं, म्हातारीला हे बाहेरून कळायला नको, आपणच हळूहळू सांगावं. धक्का बसेल. गाडीत तिने कसं सांगायचं याची माझ्यासमोर दोनदा उजळणी केली.

आत्या ओसरीत घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. ओर्लीनाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून सुरुवात केली. आत्या, जरा मन घट्ट कर. केझायाबद्दल आहे. तिला इंडियनांनी मारलं नसावं.

आत्याने शेंग मोडली. "नाहीच मारलं," ती म्हणाली.

ओर्लीनाने तिच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"मिकाजाने मारलं. झऱ्यावर, कुऱ्हाडीने," आत्या म्हणाली. मग हातातली शेंग तशीच धरून तिने ओर्लीनाकडे नीट बघितलं. "म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"कोणाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांना. बायकांना. डॉर्कसने मरताना आपल्या सुनांना सांगितलं, तेव्हापासून. या घरातल्या लेकीचं लग्न ठरलं की आई तिला बाजूला घेऊन सांगते. सून आली की सासू सांगते. केझायाला इंडियनांनी मारलेलं नाही. तुझ्या नवऱ्याने एकदा हात उगारला तर दुसऱ्यांदा वाट बघू नकोस, उठून ये. तुझ्या आईला माझ्या आईने माझ्यादेखत सांगितलं." तिचा आवाज हळू झाला. "तुझी आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. मला वाटलं, जाण्याआधी सांगून गेली असेल. हर्शेल भला माणूस, म्हणून मी कधी विचारलं नाही."

मी ओर्लीनाकडे बघत होते. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती उभी राहिली, ओसरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली.

"आत्या, मी तिथे पडायचे. सहा वर्षांची असल्यापासून. तू पुढच्या रांगेत बसून बघायचीस."

"हो."

"तू रडायचीस! मी पानाकडे बघत असायचे तरी मला तू दिसायचीस. रुमालात नाक शिंकरायचीस."

"केझायासाठी रडायचे," आत्या म्हणाली.

"आणि ती पोरं? पिसं लावून येणारी? आणि तो तळ? कोणी एकीने तोंड उघडलं नाही? दोनशे वर्षं?"

"तो दगड पुरुषांनी लावला, नाटक पुरुषांनी बसवलं. आम्हाला आमच्या पोरी वाचवायच्या होत्या. तेवढं आम्ही केलं."

"आणि थॅमर? ती परत आली होती. कोर्टात उभी राहिली होती. तिला ओळखणारी एक तरी बाई वस्तीत असेल."

लुथेनिया आत्याच्या हातातली शेंग खाली पडली. हे तिला माहीत नव्हतं. बायकांच्या गोष्टीत थॅमर झऱ्यावरच मेलेली होती. ती परत आल्याचं डॉर्कसने सांगितलंच नव्हतं. थॅमरचा दावा चालू होता तेव्हा डॉर्कस त्याच्याच घरात, त्याच जमिनीवर राहत होती, आणि दारात आलेली बाई कोण हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार.

"जिवंत होती?" आत्या म्हणाली. "पोर जिवंत होती?" आणि मग ती म्हातारी दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून पुढेमागे हलायला लागली. ओर्लीना तिच्याशेजारी बसली. शेंगांचं टोपलं मी उचललं, दुसरं काय करावं ते कळेना म्हणून उरलेल्या शेंगा मोडत राहिले.

ऑगस्टमध्ये मंडळी जमली, टेकडीवर, कारण झऱ्यापाशी यंत्रं लागली होती. डॉयलने ओर्लीनाला निरोप पाठवला होता: तारखा दे, बाकी काही बोलू नकोस, घरातलं घरात राहू दे. जेवणं झाली. पोरं पिसं लावून तयार होती. ओर्लीना उठली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"आज नाटक नाही," ती म्हणाली.

तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, बसमध्ये मागच्या पोरांना ऐकू जावा तितकाच ठेवला. थॅमरची वाक्यं तिने एकेक करून म्हटली. पेटीतले दगड सांगितले. तळावरची माणसं सांगितली. बायका आपापल्या ताटात बघत होत्या, आणि हळूहळू पुरुषांच्या लक्षात आलं की त्यांच्या बायकांना आश्चर्य वाटलेलं नाही. तो क्षण मला सगळ्यांत जास्त आठवतो. एक दांडगा पुरुष आपल्या बायकोला विचारत होता, "तुला माहीत होतं? तुला?" आणि ती मान वर न करता म्हणाली, "आपल्या लग्नाच्या आदल्या दिवसापासून."

डॉयल कातड्याचा अंगरखा घालून उभा होता, बिचारा. उन्हाने घामाघूम. "एका रानटी बाईच्या शब्दावर," तो ओरडला, "तू आपल्या पूर्वजाला खुनी म्हणतेस? तू आलीस कुठून, सांग ना! लेम्युएल नसता तर तू असतीस का?"

"नसते," ओर्लीना म्हणाली. "मी रोज तोच विचार करते. केझाया जगली असती तर या टेबलावरच्या एकालाही ट्रसडेल हे नाव मिळालं नसतं. म्हणून तर मला गप्प बसवत नाही."

निम्म्या लोकांनी आपापली भांडी उचलली. अर्धवट खाल्लेले केक झाकून गाड्यांत ठेवले गेले. दारं आपटली. लुथेनिया आत्या मात्र उठली नाही, आणि तिच्यामागे ज्या बायका उठल्या नाहीत त्यांच्या नवऱ्यांनाही बसावंच लागलं.

तेव्हापासून ट्रसडेलांची दोन संमेलनं होतात. डॉयलचं गावातल्या बागेत, आमचं टेकडीवर. डॉयल ओर्लीनाशी शेवटपर्यंत बोलला नाही. हर्शेलच्या अंत्यविधीला आला, गायला, आणि तिच्याकडे न बघता गेला. पितळी पाटी काढावी म्हणून ओर्लीनाने तीन वर्षं चकरा मारल्या. ती निघाली नाही. शेवटी शेजारी दुसरी लागली, खरी हकीगत सांगणारी, लहानशी, दरवाजाच्या सावलीत.

नव्या दगडाच्या मजकुरावरून बराच घोळ झाला. शेवटी केझायाच्या नावापुढे ट्रसडेल घातलं नाही, तिच्या बापाचं आडनाव घातलं, आणि मारेकऱ्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. खाली एक ओळ आहे: तिची लेक थॅमर इथे नाही.

थॅमर पुढे कुठे गेली ते ओर्लीनाला सापडलं नाही. शॉनींना पुढे ओहायोतून हुसकून मिझूरीच्या पलीकडे, मग आणखी पश्चिमेला हाकलण्यात आलं. तिने तिकडे ओक्लाहोमात पत्रं लिहिली, एकदा आम्ही दोघी गेलोही. एक वयस्क शॉनी गृहस्थ आमच्याशी तासभर अदबीने बोलले. ओर्लीनाने आधी तळाची गोष्ट सांगितली, मग थॅमरची. त्यांनी दोन्ही ऐकून घेतल्या. म्हणाले, आमच्यात वाढलेल्या गोऱ्या पोरी बऱ्याच होत्या, त्यांची नावं आम्ही आमची ठेवली. मग विचारलं, "तळावरच्या त्या म्हाताऱ्याचं नाव कुठे लिहिलंय का?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. ओर्लीनाने ते सांगितलं आणि परतीच्या वाटेवर, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, मोठ्याने रडली.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिने एक गोष्ट मात्र बदलली. आमच्या टेकडीवर आता लग्न ठरलं की मुलीला बाजूला घेत नाहीत. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर सांगतात, आणि नवऱ्या मुलाला पुढे बसवतात. गेल्या वर्षी माझ्या नातीच्या होणाऱ्या नवऱ्याला बसवलं होतं. ट्रसडेलांशी तिचा रक्ताचा संबंध नाही, पण तो हट्ट माझा. सगळं ऐकल्यावर त्या मुलाने विचारलं, "पण त्याने खरंच मारलं होतं का? नक्की?"

लुथेनिया आत्याच्या पणतीने उत्तर दिलं. "डोळ्यांनी बघितलेली एकच होती," ती म्हणाली, "आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही." मग तिने त्याच्याकडे भाकरीची टोपली सरकवली.